सुरतेचे दान : महाजनांच्या लाग्यापासून विश्वस्त निधीपर्यंत

व्यापारी शहरांतील दानधर्माचा विचार करताना, आधी संपत्ती साचते आणि मग तिच्यातील उरलेला अंश लोकांकडे वळतो, असे सहसा गृहीत धरले जाते. सुरतेचा गेल्या पाच शतकांचा इतिहास या गृहीतकाला पुरतेपणी दुजोरा देत नाही. कारण या शहरात दान हे दीर्घकाळ नफ्याच्या शेवटी नव्हे, तर व्यवहाराच्या सुरुवातीलाच वेगळे काढले जात असे. त्यामुळे सुरतेच्या दानाचा इतिहास लिहिताना रकमांपेक्षा दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात : त्या पैशाचा विनियोग कोण ठरवत होते, आणि ज्यांच्यासाठी तो खर्च होत होता त्यांच्यात कोणाकोणाची गणना होत होती.

शहराच्या उभारणीतच लोकोपयोगी बांधकामांचा वाटा मोठा होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी, गुजरातच्या सुलतानांच्या काळात, मलिक गोपी या प्रभावशाली अधिकाऱ्याने खोदवलेला गोपी तलाव आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. शाहजहानच्या कारकिर्दीत, 1644 मध्ये, हकीकत खानाने मक्केच्या यात्रेकरूंसाठी बांधलेल्या मुघलसराईत आता महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. दानशूरतेला त्या काळी केवढी प्रतिष्ठा होती, याची साक्ष मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका प्रसंगातही मिळते. शिवाजी महाराजांच्या 1664 च्या सुरत स्वारीविषयी लिहिताना फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निये याने नमूद केले आहे, की डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर लुटीतून वगळण्यात आले, कारण तो हयातीत फार दानशूर होता असे महाराजांना सांगण्यात आले होते.

या काळातील दानाची खरी यंत्रणा मात्र महाजनांच्या हाती होती. महाजन म्हणजे एका व्यवसायातील किंवा समाजातील व्यापाऱ्यांची संघटना. पेढ्यांचे आपसातील तंटे सोडवणे, सुट्टीचे दिवस ठरवणे, व्यापाराचे नियम घालून देणे ही तिची कामे, आणि धर्मादाय निधी सांभाळणे हेही त्यांपैकीच एक. या निधीचा मुख्य स्रोत 'लागा' हा होता. कापूस, धान्य, हुंडी अशा व्यवहारांवर ठरावीक दराने बारीकशी रक्कम आकारली जाई आणि ती महाजनांकडे जमा होई. लागा सरकारी कर नव्हता, पण तो नाकारणे सोपेही नव्हते. महाजनांचा रोष ओढवलेल्या व्यापाऱ्याला बहिष्काराला तोंड द्यावे लागे. त्यामुळे या दानाला कोणा एका दात्याचे नाव नसे, आणि दाता वारला किंवा त्याचे दिवाळे निघाले तरी उत्पन्नाचा ओघ आटत नसे.

लाग्याच्या पैशावर चालणारी सर्वांत ठळक संस्था म्हणजे पांजरपोळ, अर्थात आजारी, लंगड्या आणि म्हाताऱ्या जनावरांचे आश्रयस्थान. 1690 च्या सुमारास सुरतेत आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने गाई, घोडे, शेळ्या, कुत्रे यांच्यासाठी असलेल्या अशा आश्रयस्थानाचे वर्णन केले आहे. त्याचबरोबर पिसवा आणि ढेकूण यांच्या पोषणासाठी एखाद्या गरीब माणसाला मजुरी देऊन रात्रभर खाटेवर निजवले जाई, आणि चावे असह्य होऊन त्याने पहाटेपूर्वी पळून जाऊ नये म्हणून त्याला खाटेला बांधून ठेवले जाई, असेही त्याने लिहिले आहे. परक्या धर्मातील प्रवाशाचे हे निवेदन सावधपणे वाचले पाहिजे; जीवदयेमागील जैन आणि वैष्णव निष्ठेची खोली त्याला उमगली असेलच असे नाही. तरीही त्या खाटेवरचा माणूस इतिहासकाराने नजरेआड करू नये. दयेचे वर्तुळ कीटकांपर्यंत विस्तारले होते आणि तो मजूर मात्र त्या वर्तुळात केवळ साधन म्हणून आला होता.

आपल्या माणसांविषयीची जबाबदारी सुरतेतील व्यापारी समाजांनी चोख पाळली, हेही तितकेच खरे. दाऊदी बोहरा परंपरेनुसार 1813 च्या दुष्काळात काठेवाडातून आलेल्या हजारो समाजबांधवांना धर्मगुरू सय्यदना अब्देअली सैफुद्दीन यांनी सुरतेत आश्रय दिला, अन्नाबरोबर काम दिले, आणि परतताना त्यांच्या कष्टाची साठवलेली कमाई त्यांच्या हाती ठेवली. त्यांनीच 1814 मध्ये स्थापन केलेले विद्यापीठ, आजचे अल जामिया तुस सैफिया, अद्याप सुरतेत चालू आहे. पण अशी मदत जातीच्या किंवा पंथाच्या सीमेपाशी थांबत असे. त्या सीमेलाच प्रश्न विचारणारी मानवधर्म सभा 1844 मध्ये सुरतेत स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी यांच्याबरोबर तिच्या संस्थापकांत मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, जे त्या काळी सुरतेत अध्यापन करत होते आणि ज्यांनी पुढे मुंबईत परमहंस मंडळीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. सभेपाशी पैसा नव्हता आणि तिला आयुष्यही थोडे लाभले. मात्र माणूस म्हणून माणसाचा विचार करण्याचा आग्रह तिने जाहीरपणे मांडला, आणि पुढील काळात सर्वांसाठी खुल्या झालेल्या संस्थांना अशाच विचाराचा आधार हवा होता.

1837 ची भीषण आग आणि त्याच वर्षी तापीला आलेला पूर यांनी खचलेल्या सुरतेतून अनेक धनिक कुटुंबे मुंबईला गेली, तर 1852 मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेमुळे शहरात सार्वजनिक कामांची नवी चौकट आली. या टप्प्यावरील स्थित्यंतर इतिहासकार डग्लस हेन्स यांनी नजराण्याकडून लोकोपकाराकडे झालेला प्रवास म्हणून मांडले आहे. पूर्वी नवाबाला नजराणा देऊन संरक्षण आणि मान मिळवणारा व्यापारी आता इंग्रज अधिकाऱ्यांच्या पसंतीच्या कामांना देणगी देऊन 'रावबहादूर' किंवा 'खानबहादूर' होऊ लागला. खानबहादूर बरजोरजी मेरवानजी फ्रेझर यांच्या खर्चाने 1871 मध्ये उभारलेला घड्याळाचा मनोरा आणि मुंबईच्या कावसजी जहांगीर यांनी दिलेले रुग्णालय ही या काळाची उदाहरणे होत. सुरतेतच जन्मलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि राजाबाई मनोऱ्यासाठी प्रत्येकी 2 लाख रुपये दिले. या देणग्यांमागे मानाची आस होती म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. रुग्णालयाच्या दारात जात विचारण्याचा जुना अधिकार महाजनांकडे उरला नाही, ही मोठीच गोष्ट होती. उणीव होती ती निर्णयाची. काय बांधायचे हे दाता आणि अधिकारी ठरवत. ज्यांच्यासाठी बांधायचे त्यांना त्यात स्थान नव्हते.

ही उणीव विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही अंशी भरून निघाली. बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी 1907 मध्ये सुरतेत वनिता विश्राम ही संस्था सुरू केली. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाशी तिचे नाते सहज लक्षात येते. वेगळेपण हे, की येथे जिचे दुःख होते तिनेच संस्थेचा कारभार हाती घेतला होता. 1912 मध्ये सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1918 मध्ये सुरतेला महाविद्यालय मिळाले, ज्याला पुढे देणगीदार मगनलाल ठाकोरदास बाळमुकुंददास यांचे नाव देण्यात आले. इमारतीवर नाव दात्याचे आणि कारभार शिक्षणसंस्थेचा, अशी ही वाटणी टिकाऊ ठरली. मुंबई राज्याच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने अशा संस्थांना नोंदणी, हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख लागू केली. 1960 च्या राज्यविभाजनानंतरही गुजरातेत तीच चौकट पुढे चालू राहिली.

आजच्या सुरतेत लाग्याची आठवण करून देणारी तरतूद 2013 च्या कंपनी कायद्यात आहे. ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे हा कायदा सांगतो. शहराजवळच्या हजीरा येथील मोठ्या उद्योगांचे अनुदान या वाटेने आसपासच्या वस्त्यांपर्यंत येऊ शकते. दुसरीकडे, सौराष्ट्रातून येऊन हिऱ्यांच्या व्यवसायात स्थिरावलेल्या पाटीदारांनी समाजाच्या विश्वस्त संस्थेमार्फत उभारलेले किरण रुग्णालय 2017 मध्ये सुरू झाले. एकेकाळचे स्थलांतरितच शहराचे दाते झाले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

उधना, लिंबायत, पांडेसरा आणि दिंडोली या भागांत मात्र असा दाता पाठीशी नसलेले स्थलांतरित मोठ्या संख्येने राहतात. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे आणि ओडिशातून आलेले विणकर कामगार यंत्रमागांवर आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यांत राबतात. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिका मराठी आणि ओडिया माध्यमाच्या शाळा चालवते. ज्या कापडाच्या व्यापारावर शहर समृद्ध झाले, ते त्यांच्या हातून तयार होते. लाग्याने दानाला सातत्य दिले, साम्राज्यकाळाने त्याला जातीबाहेर आणले, वनिता विश्रामने त्याचा कारभार भोगणाऱ्यांच्या हाती सोपवला. हे तिन्ही गुण एकाच निधीत एकत्र येणे ही सुरतेच्या परंपरेची पुढची पायरी आहे, आणि यंत्रमागावरच्या कामगाराला लाभार्थी म्हणून नव्हे, तर विश्वस्त म्हणून त्या निधीच्या बैठकीत जागा मिळेल तेव्हाच ती पूर्ण होईल.