कामावरची आई : एका सवलतीचा इतिहास

श्रोतेहो, रायगडाच्या पश्चिमेकडील एका बुरुजाला हिरकणीचे नाव आहे. कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. गडावर दूध विकावयास गेलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरी भुकेने रडणारे तान्हे मूल, आणि अंधारात उतरलेला तो कडा. आपण या कथेकडे मातेच्या धैर्याची कथा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सरकारी नोकरीत वीस वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हिरकणी ही कामावर गेलेली आई होती, आणि तिच्या कामाच्या ठिकाणचे नियम तिच्या मुलाच्या भुकेचा विचार करून केलेले नव्हते. आजचा माझा विषय हा एवढाच आहे.

गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात अशा हिरकणी हजारोंनी होत्या. गिरणीच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत प्रामुख्याने बायका काम करीत. माझी पणजी त्यांपैकीच एक. तिची मुलगी, म्हणजे माझी आजी, 1926 साली जन्मली. सकाळी भोंगा झाला की पणजी तिला चाळीतल्या एका म्हातारीच्या स्वाधीन करी, आणि मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याच्या तोंडात बाळगोळी घाली. या गोळीत अफू असे. आजी हे सांगताना हसे. ऐकताना आम्हांला मात्र हसू येत नसे. पणजी निर्दय नव्हती. तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मुंबई सरकारने 1920 नंतरच्या वर्षांत डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणीतील बाळंतिणींची पाहणी करविली, तेव्हा ही चाल कामगार वस्तीत जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे आढळून आले. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे 666 अर्भके दगावल्याचा आकडा सरकारी कागदांत आहे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणाला कोकणात वा घाटावर जात आणि ते जन्म मुंबईत नोंदले जात नसत, म्हणून हा आकडा फुगलेला आहे हे खरे. परंतु तो कितीही कमी करून वाचला तरी मन सुन्न होते.

या दुःखावरील उपाय जगाने त्यापूर्वीच लिहून ठेवला होता. 1919 साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. बाळंतिणीस प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मिळून बारा आठवड्यांची सुटी असावी, आणि कामावर परतल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास मिळावा, असा ठराव त्या परिषदेने केला. हिंदुस्थानने तो मान्य केला नाही. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतीच्या साहाय्याचे विधेयक मांडले. तेही फेटाळले गेले.

मग मुंबई प्रांताने पाऊल उचलले. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात अशाच एका विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतिणीची विश्रांती ही केवळ तिच्या घरची बाब नसून राष्ट्राच्या हिताची बाब आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलावा, आणि स्त्रियांच्या श्रमांतून लाभ घेणारा मालकही त्या भारातून सुटू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. 1929 साली कायदा झाला. काही आठवड्यांची सुटी आणि तेवढ्या काळापुरते दररोज आठ आणे, एवढेच त्याचे स्वरूप. परंतु या देशातला तो असा पहिला कायदा होय. पुढे 1937 साली म्हैसूर संस्थानानेही आपला कायदा केला. 1941 साली खाणींतील स्त्रियांसाठी कायदा झाला.

येथे इतिहास एक कडू धडा देतो. प्रसूतीचा खर्च एकट्या मालकावर पडू लागताच काही मालकांनी बायका नेमणेच कमी केले. रात्रपाळीवरची बंदी आणि यंत्रांची नवी मांडणी हीही त्याची कारणे होती. पण पुढील काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले ते गेलेच. भार वाटून घेण्याची जी गोष्ट आंबेडकरांनी सुचविली होती, ती सोडून दिल्याचे हे फळ म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले. 1976 साली ती मर्यादा तीसवर आणली. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या. खाणींसाठीच्या नियमांत या सुट्या प्रत्येकी 15 मिनिटांच्या ठरल्या. जाण्यायेण्याचा वेळ निराळा. 2017 साली पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि पन्नास वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे होऊन आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा मिळाली.

आता या इतिहासात एक यंत्र प्रवेश करते. स्तनातील दूध काढण्याच्या पंपाचे पहिले अमेरिकन पेटंट 1854 सालचे. पूर्वीचे काचेचे व रबरी फुग्याचे पंप नीट धुता येत नसत, आणि त्यांची ओढ अघोरी असे. 1920 नंतरच्या दशकात एडवर्ड लास्कर या नामांकित बुद्धिबळपटूने, जो व्यवसायाने अभियंता होता, विजेवर चालणारा पंप बनविला. 1956 साली आइनार एग्नेल या स्वीडिश अभियंत्याने किती ओढ सुरक्षित असते याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मूल जसे ओढते व थांबते तशा लयीचा पंप सिद्ध केला. ही यंत्रे रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी होती. नोकरीवर जाणाऱ्या आईच्या पिशवीत मावेल असा विजेचा पंप आला तो 1990 नंतर, आणि तोही मुख्यतः अमेरिकेत. जेथे सर्व स्त्रियांना पगारी बाळंतरजा देणारा राष्ट्रीय कायदा नाही.

माझी नेमणूक बंगळूरला आहे. आमच्या कार्यालयातील एक तरुण कन्नड लिपिक 180 दिवसांची रजा संपवून कामावर आली. घर तीस किलोमीटर दूर. बंगळूरच्या रहदारीत जाऊनयेऊन चार तास. पंप कोणता घ्यावा, हे तिने माझ्या पत्नीस विचारले. “अक्का, हाताचा घेऊ की विजेचा?” पत्नीने तिला समजावून सांगितले. हाताचा स्वस्त, पण त्यास वेळ लागतो. दोन्ही बाजूंचे दूध एकदम काढणारा विजेचा पंप हा वेळ जवळजवळ निम्म्यावर आणतो. कप आपल्या मापाचा असावा, नाहीतर दुखते. दूध मागे यंत्रात जाणार नाही अशी रचना पाहावी, आणि तशी नसल्यास दुसऱ्या बाईचा वापरलेला पंप घेऊ नये. प्रत्येक भाग सुटा करून धुता यावा. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार तास, आणि शीतपेटीत चार दिवस टिकते. घरी ते बाटलीने न पाजता वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. आणि नियमाने दूध काढले गेले नाही, तर ते आटत जाते. शेवटी ती म्हणाली, “पंप कोणता हा नंतरचा प्रश्न. आधी सांग, तुमच्या कचेरीत आतून कडी लागणारी खोली आहे का?”

अशी खोली नव्हती. त्या लिपिकेने रीतसर अर्ज केला : कागदपत्रांची एक छोटी खोली, दिवसातून दोनदा, वीस मिनिटे. अर्ज माझ्यापुढे आला, आणि मी त्यावर लिहिले, “पूर्वोदाहरण असल्यास सादर करावे.” यात माझा वाईट हेतू नव्हता. ती आमच्या हाताची सवय आहे. कागद पाच आठवडे फिरला. तोवर ती स्नानगृहात उभ्याने, धास्तीत, जमेल तसे दूध काढून टाकून देत होती. खोलीची मंजुरी झाली त्या दिवशी मी तिला मुद्दाम बोलावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “उपकार झाले, सर. पण आता गरज राहिली नाही.”

श्रोतेहो, पूर्वोदाहरण होते. वॉशिंग्टनचा अर्धा तास होता, मुंबईचा कायदा होता, आणि माझ्या घरात पणजीची बाळगोळी होती. ते मला आठवले नाही एवढेच. महाराष्ट्रात एसटीच्या स्थानकांवर आणि कचेऱ्यांत स्तनदा मातांसाठी ज्या खोल्या केल्या आहेत, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ असे नाव दिलेले आहे. नाव सुरेख आहे. परंतु छत्रपतींनी त्या मातेच्या नावाने बुरूज बांधला तो दरवाजा वेळेवर उघडता आला नाही म्हणून, हे आपण विसरू नये. पंपाची निवड आईने करावी. खोली, कडी आणि अर्धा तास यांची सोय मात्र आपण करावयाची आहे, आणि ती दूध आटण्यापूर्वी करावयाची आहे.

आमच्या त्या खोलीस आज आतून कडी आहे, विजेचे एक बटण आहे आणि एक लहान शीतपेटी आहे. सध्या दोघीजणी तिचा उपयोग करतात. त्यांच्यापैकी कोणासही अर्ज करावा लागला नाही.