जालगार, झारेकरी आणि डिटेक्टर

बेळगाव-निपाणी भागात सोन्याचा विषय निघाला की गप्पा हटकून गुप्तधनाकडे वळतात. पडक्या वाड्याच्या जोत्याखालचा हंडा, त्यावर बसलेला नाग आणि तो हंडा नेमका दिसणारा पायाळू माणूस. अलीकडे पायाळूची जागा मेटल डिटेक्टरने घेतली आहे. या मुलखातल्या सोन्याचा खरा इतिहास मात्र हंड्यात नाही, ओढ्यांच्या वाळूत आहे.

इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत बेळवडी, बैलहोंगल आणि मुरगोड परिसरात सोनं मिळत असल्याचे उल्लेख येतात. धारवाडी शिस्ट खडकांचा हा प्रदेश. त्याच जातीचे खडक गदगजवळच्या कप्पत डोंगरात आहेत आणि तिथल्या ओढ्यांची ख्याती जास्त होती. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1874 मध्ये या डोंगरांतल्या सोनं असलेल्या खडकांवर टिपण प्रसिद्ध केलं. बेळगाव-धारवाडसह दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ 1876 चा. ओढ्याची वाळू धुऊन सोनं काढणाऱ्यांना इथे जालगार म्हणत.

जालगाराचं कसब सगळं नजरेत आणि मनगटात. सोन्याचं विशिष्ट गुरुत्व 19 च्या पुढे, साध्या वाळूचं जेमतेम पावणेतीन. त्यामुळे पुराचं पाणी जिथे मंदावतं तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला, धोंड्यांच्या आडोशाला आणि तळखडकाच्या भेगांत, सोनं बसतं. तिथली वाळू पसरट भांड्यात घ्यायची, पाण्याखाली धरून हलवायची, भांडं किंचित तिरकं करून वरचा हलका थर वाहू द्यायचा. शेवटी तळाशी उरते लोहखनिजाची काळी वाळू. भांडं अलगद फिरवलं की ती पुढे सरकते आणि मागे राहतात पिवळे कण, असलेच तर. बहुतेक वेळा नसतात.

हीच विद्या शहरात झारेकऱ्यांनी चालवली. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख आणि पेढीपुढची धूळ विकत किंवा मक्त्याने घ्यायची आणि धुऊन त्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे करायचे. ते वितळवून शुद्ध करण्याचं पुढचं काम गलाईवाल्याचं. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं याच गलाईच्या जोरावर देशभरच्या सराफ बाजारांत पोचली. निपाणीपासून जवळच असलेली हुपरी तर चांदीकामावरच वाढली.

डिटेक्टर हे वेगळ्या भूमीचं हत्यार. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात 1980 मध्ये किंगोवरजवळ डिटेक्टरने 27 किलोंचा सोन्याचा गोळा शोधून दिला, कारण तिथे सोनं गोळ्यांच्या रूपात पृष्ठभागाजवळ मिळतं. जालगारांच्या ओढ्यांतलं सोनं बारीक कणांचं. असा कण यंत्राला सहसा जाणवतच नाही. शिवाय बेळगाव-खानापूर भागातल्या जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे यंत्र जमिनीलाच ओरडत सुटतं. जमिनीचा हा गोंगाट दाबणारा ‘ग्राउंड बॅलन्स’ नीट लावता येईपर्यंत नवख्याच्या हाती बाटल्यांची झाकणं आणि नाल-खिळेच लागतात.

सोनं शोधणाऱ्यांना कधी कधी सोन्याहून मोठं काही गवसतं. रायचूर जिल्ह्यात मस्कीजवळ 1915 मध्ये सी. बीडन या खाण अभियंत्याला खडकावर कोरलेला लेख दिसला. सम्राट अशोकाचं नाव स्पष्टपणे देणारा तो पहिला सापडलेला आदेशलेख. ‘देवानांप्रिय’ म्हणजे अशोकच, हे त्याने पक्कं केलं. खुद्द खाणींचं म्हणाल तर गदग भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजी कंपन्यांनी खाणी खोदल्या, पण त्या टिकल्या नाहीत. कोलारची खाण 2001 मध्ये बंद पडली. रायचूरचीच हट्टी खाण आजही सोनं देते आणि तिथलं प्राचीन खोदकाम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं.

नव्याने शिकणाऱ्याने यंत्र विकत घेण्याआधी कायदा समजून घ्यावा. खनिजाच्या शोधाला 1957 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. संरक्षित स्मारकांच्या आवारात, उदाहरणार्थ बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीजवळ, परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. जमिनीत धन सापडलं तर प्रशासनाला कळवावं लागतं, ही तरतूद 1878 पासूनची. गुप्तधनापायी होणाऱ्या अघोरी प्रकारांवर महाराष्ट्राने 2013 मध्ये आणि कर्नाटकाने 2017 मध्ये कायदा केला.

सराव मात्र घरच्या अंगणातही होतो. बादलीभर वाळूत शिशाचे मोजून दहा बारीक, चपटे केलेले छर्रे मिसळावेत आणि परातीत धुवावेत. शिसं सोन्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते टिकवणं अधिक अवघड. नंतर हात साबणाने धुवावेत आणि ती परात स्वयंपाकघरात नेऊ नये. दहाच्या दहा छर्रे परत हाती यायला लागले की मगच डिटेक्टरच्या किमतीची चौकशी करावी.