शक्य आणि अवश्य : ग्रीकांचा एक जुना वाद



'आहे', 'असूं शकतें' आणि 'असलेंच पाहिजे' हीं तीन रूपें आपण रोज वापरतों. यांत भेद कोणता आणि एकापासून दुसरें केव्हां निघतें, याचा पद्धतशीर विचार ग्रीस देशांत ॲरिस्टॉटलनें (इ. स. पू. ३८४ ते ३२२) केला.

उदाहरण आमच्या अरण्यांतलेंच घेऊं. प्रत्येक साग अवश्यमेव वृक्ष आहे. समजा, आलापल्लीजवळच्या एका टेकडीवर जें जें उभें आहे तें तें साग आहे. तर टेकडीवरील प्रत्येक वस्तु अवश्यमेव वृक्ष आहे असें ठरतें काय? ॲरिस्टॉटलच्या नियमाप्रमाणें ठरतें. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस म्हणे, ठरत नाहीं. दोन आधारांपैकीं जो दुबळा, त्याहून निष्कर्ष बलवान् होऊं शकत नाहीं. उद्यां टेकडीवर वनरक्षकाची झोपडी उभी राहिली कीं संबंध तुटला! वस्तुतः एकाची अवश्यता वस्तूच्या स्वभावांतली, तर दुसऱ्याची संबंध विधानाची. ॲरिस्टॉटलचे नियम कधीं एका अर्थावर तर कधीं दुसऱ्यावर टेकतात, हें १९३३ सालीं आल्ब्रेख्ट बेकर या जर्मन अभ्यासकानें दाखविलें.

याहून बिकट प्रश्न भविष्याचा. ॲरिस्टॉटलचें उदाहरण उद्यांच्या आरमारी लढाईचें. आपण भामरागडच्या पर्लकोटा नदीचें घेऊं. 'उद्यां पूर येईल' हें विधान आजच खरें असेल तर पूर टळणार कसा? आजच खोटें असेल तर येणार कसा? ॲरिस्टॉटल म्हणतो, पूर येईल किंवा येणार नाहीं, एवढें अवश्य. पण दोहोंपैकीं अमुकच अवश्य, असें नाहीं. याच प्रश्नावर विचार करतांना पोलंडचे लुकासेविच यांनीं १९२० मध्यें खरें आणि खोटें यांखेरीज तिसरें मूल्य मानणारें तर्कशास्त्र मांडलें.

डायोडोरस क्रोनस याचें मत कठोर होतें. जें आज खरें आहे किंवा पुढें खरें होणार आहे तेंच शक्य. जें कधींच घडणार नाहीं तें शक्यहि नव्हे. या व्याख्येवरूनच न्यूझीलंडच्या आर्थर प्रायर यांनीं १९५७ च्या आपल्या ग्रंथांत काळाचें तर्कशास्त्र रचावयास घेतलें. डायोडोरसचा शिष्य फिलो याचें म्हणणें निराळें. समुद्राच्या तळाशीं पडलेलें लाकूडहि जळूं शकतें. पाणी त्यास अडवितें, पण जळण्याची पात्रता लाकडाच्या ठायीं असतेच.

हा केवळ पंडितांचा कलह नव्हे. प्राचीनांनीं 'आळशी युक्तिवाद' म्हणून एक युक्तिवाद नोंदविला आहे. बरें होणें दैवांत असेल तर वैद्यावांचूनहि रोगी बरा होईल. नसेल तर वैद्य येऊनहि होणार नाहीं. सबब वैद्य बोलावणें व्यर्थ! स्टोइक पंथाच्या क्रिसिपसचें उत्तर मार्मिक आहे. बरें होणें दैवांत असेल, तर वैद्यास बोलावणेंहि त्याच दैवांत गुंफलेलें असूं शकतें.

'होणारें चुकत नाहीं' हें वाक्य तान्हें मूल दगावल्यावर आमच्या खेड्यापाड्यांत मीं पुष्कळदां ऐकलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था स्थापिली. पुढें गांवच्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची शुश्रूषा घरोघरीं सुरू झाली. तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांशीं ताडून पाहतां नवजातांचा मृत्युदर सुमारें ६० टक्क्यांनीं घटला, असा त्यांचा निबंध १९९९ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मुलें वर्षानुवर्षें दगावत होतीं हें खरें. पण त्या सर्वांचें मरण अवश्य होतें हें मात्र खोटें. जगण्याची पात्रता त्या बालकांच्या ठायीं होती. अडथळा बाहेरचा होता.

डायोडोरसहि आज म्हणेल कीं तें शक्य होतें, कारण तें घडलें. परंतु घडण्यापूर्वीं कामास हात घालणाऱ्याला उपयोगी पडतो तो फिलोचा अर्थ. म्हणून 'असेंच व्हावयाचें' असें म्हणण्यापूर्वीं, हें नुसतें घडत आलें आहे कीं अवश्य आहे, एवढें विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी.