तामचिनीची ताटली

आमच्या दादीकडे तामचिनीचं एक खोलगट पातेलं होतं. तामचिनी म्हणजे एनॅमल. पांढरं अंग, निळा काठ. माशाचं आंबट कालवण नेहमी त्याच पातेल्यात व्हायचं. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली, की आमसुलाचा रस त्यात कळकतो, हिरवट होतो आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळतं. मग कल्हईवाल्याची वाट पाहायची. तो यायचा, भाता मांडायचा, नवसागराचा धूर करून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. आम्हा पोरांना ती गंमत वाटे, दादीला मात्र तो खर्च वाटे. तामचिनीला यातलं काहीच लागत नसे.

कारण एनॅमल ही काचच आहे. वाळू, टाकणखार, सोडा अशी द्रव्यं वितळवून, दळून, पाण्यात कालवून लोखंडी भांड्यावर चढवतात आणि साधारण 800 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. खालच्या थरात कोबाल्ट असतं, त्यामुळे काच लोखंडाला घट्ट धरते. टवका उडाला की पांढऱ्याखाली निळं-काळं दिसतं ते हेच. काचेला आंबट बाधत नाही, आणि माशाचा वास तिच्यात मुरत नाही. सकाळी कालवण करा, घासून टाका, संध्याकाळी त्यातच दूध तापवा. जपायचं एवढंच, की रिकामं भांडं विस्तवावर ठेवू नये, लाकडी डाव वापरावा आणि आतून टवका उडाला तर त्यात शिजवू नये.

विद्या मूळची सोनारांची. शायरीत मीना म्हणजे सुरई, कारागिराच्या हाती तीच मीनाकारी. लोखंडी भांड्यांना ती लावण्याचे प्रयोग अठराव्या शतकात जर्मन प्रदेशात झाले. इंग्लंडमध्ये 1799 साली हिकलिंग नावाच्या गृहस्थाने त्याचं पेटंट घेतलं. पुढे पत्र्याची भांडी कारखान्यांत निघू लागली आणि एनॅमल गरिबाच्या घरात शिरलं. फ्रान्समध्ये 1925 साली एक ओतारी आणि एक एनॅमलवाला एकत्र आले आणि ‘ल क्रूझे’ची जाड बिडाची भांडी निघाली. ती आजही महाग आहेत. आपल्याकडे मात्र स्टील आलं आणि तामचिनी माळ्यावर गेली.

या भांड्याची माणसाला केवढी हाव होती! मे 1896. मॉस्कोत झार दुसऱ्या निकोलसच्या राज्यारोहणाचा सोहळा. खोडिंका मैदानावर प्रजेला भेट मिळणार होती : पाव, सॉसेज, मिठाई आणि राजाराणीची आद्याक्षरं असलेला एनॅमलचा एक पेला. लाखो माणसं आदल्या रात्रीच जमली. पहाटे भेटी संपत आल्याची आवई उठली. मैदानात खड्डे, चर. सरकारी आकड्यानुसार 1,389 माणसं चेंगरून मेली. ते पेले आज संग्रहालयांत ठेवले आहेत.

आता माझ्या ताटलीविषयी. 1980च्या सुमारास मी एका वर्गमित्राकडे खेळायला जात असे. काकू मायेने खाऊ घालायच्या, अगदी उकडीचे मोदकसुद्धा. माझी ताटली मात्र वेगळी होती. एनॅमलची, काठाला टवका उडालेली, न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवलेली. खाल्लं की मीच ती विसळून पालथी घालायची. काशाचं भांडं राखेने आणि तांब्याचं आंबटाने शुद्ध होतं, असं जुनं शास्त्र सांगतं. त्यात तामचिनीचं नावच नव्हतं, म्हणून ती आमच्या वाट्याला आली असावी, असा माझा तर्क. खरं तर घरातल्या साऱ्या भांड्यांत मागच्या जेवणाचा अंश न ठेवणारी तीच एक. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काकूंना सांगितलं नसतं. मोदक फार चांगले असायचे.

काकू गेल्या तेव्हा भेटायला गेलो. मित्राच्या बायकोने सगळ्यांना सारख्या कपांत चहा दिला. परसात ती ताटली दिसली. चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं.

मित्राने विचारलं, “ओळखलीस का रे?”

म्हटलं, “काठावरून ओळखली.”