१९५२ : मते कुजली की कुजवली?

निवडणूक आली की कुणीतरी ऐकवतोच, 'बाबासाहेबांना त्यांच्याच माणसाने हरवले.' मित्रांनो, १९५२ ची उत्तर मुंबई नीट पाहा. जागा दोन, एक राखीव. मतदाराला मते दोन. १९३७ ला मुंबई प्रांतात सगळी मते एकाच उमेदवाराला देता यायची, वस्त्यांचे बळ एकवटायचे. १९५२ ला ती सोय नव्हती. दोन्ही मते एकालाच दिली की एक बाद. बाद ठरली ७४,३३३! काँग्रेसच्या काजरोळकरांची आघाडी मात्र सुमारे १४ हजारांचीच. डांग्यांच्या कम्युनिस्टांनी मते मुद्दाम कुजवायला लावली, हा बाबासाहेबांचा आरोप. अशोक मेहतांसह त्यांनी निवडणुकीला आव्हान दिले. ते फेटाळले गेले. काजरोळकरही दलितच, पण जागा राखीव असली तरी कौल सवर्ण बहुसंख्येचा. स्वतंत्र मतदारसंघ बाबासाहेबांनी उगाच मागितले नव्हते.