पावसाळी दिवस, वेल्शपूल आणि टिपूचा तंबू

पीएचडी करणाऱ्यांना एक प्रश्न नेहमी पडतो. अभिलेखागार बंद आहे, बाहेर पाऊस आहे आणि परतीच्या तिकिटाला अजून चार दिवस आहेत. आता करायचं काय? गेल्या वर्षी माझ्यावर ही वेळ आली. त्या एका दिवसात माझ्या प्रस्तावातली एक चूक सापडली, म्हणून हे लिहिते आहे.

मी वेल्समध्ये अॅबरिस्टविथला होते. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात क्लाइव्ह घराण्याची कागदपत्रं आहेत. सुट्टीच्या दिवशी मी श्रूजबरीकडे जाणारी गाडी पकडली आणि वाटेत वेल्शपूलला उतरले. सेव्हर्न नदीकाठचं हे छोटं बाजाराचं गाव, इंग्लंडची सीमा अगदी जवळ. पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, पण थांबतही नाही.

अशा दिवशी या गावात छपराखाली बघण्यासारखं बरंच आहे. कोंबड्यांच्या झुंजींसाठी बांधलेली अठराव्या शतकातली एक गोल धाटणीची छोटी इमारत अजून मूळ जागी उभी आहे. पुढे कायद्याने झुंजी बंद झाल्या, इमारत मात्र राहिली. पुढे कालवा लागतो. तो १७९७ मध्ये इथवर पोचला. काठावरच्या जुन्या गोदामात पोविसलँड संग्रहालय आहे. हा सगळा भाग एकेकाळी फ्लॅनेलच्या, म्हणजे लोकरी कापडाच्या व्यापारावर जगला. मध्य वेल्समध्ये विणलेलं ‘वेल्श प्लेन्स’ नावाचं जाडंभरडं कापड अटलांटिकपलीकडच्या मळ्यांत गुलामांच्या अंगावर जायचं. म्हणजे डोंगरातल्या विणकराच्या मागाचा धागा थेट कॅरिबियनपर्यंत जातो. ‘स्थानिक इतिहास’ म्हणून आपण जे बाजूला ठेवतो, ते इतकं स्थानिक नसतं.

पण मी आले होते पोविस किल्ल्यासाठी. गावातून चालत गेलं की हरणांच्या कुरणापलीकडे लालसर दगडाचा किल्ला दिसतो. १९५२ पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. आत भारत आणि पूर्व आशियातल्या हजाराहून अधिक वस्तू आहेत: शस्त्रं, हस्तिदंती काम, कापड, टिपू सुलतानच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं आणि टिपूचा म्हणून ओळखला जाणारा छिटाच्या कापडाचा तंबू.

माझ्या प्रस्तावात एक वाक्य होतं: “रॉबर्ट क्लाइव्हने पोविस किल्ल्यात जमवलेला संग्रह.” मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं, “कधी?” मी ते मनावर घेतलं नव्हतं. ओल्या छत्रीसकट त्या दालनात उभी असताना सनावळी मनात मांडली आणि पोटात गोळा आला.

बघा ना. रॉबर्ट क्लाइव्ह वारला १७७४ मध्ये. त्याचा मुलगा एडवर्ड याने पोविसच्या हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केलं १७८४ मध्ये. म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी क्लाइव्ह घराण्याचा पोविसशी संबंध आला! प्लासीवाला क्लाइव्ह या किल्ल्याचा मालक कधीच नव्हता. हर्बर्टांकडे पदवी आणि कर्ज होतं, क्लाइव्हांकडे भारतातला पैसा. लग्नाने दोन्ही एकत्र आले. पुढे १८०१ मध्ये हेन्रिएटाचा भाऊ वारला आणि मालमत्ता तिच्या मुलाकडे आली. त्याने नंतर आडनावही हर्बर्ट लावलं.

आणि टिपू? तो पडला ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टणमध्ये. तेव्हा मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह होता. म्हणजे ज्या वस्तूंवर मी एक नाव चिकटवलं होतं, त्यांच्यामागे दोन पिढ्या, दोन प्रांत आणि दोन वेगळ्या लढाया होत्या. हेन्रिएटाचाही वाटा आहेच. १८०० मध्ये ती दोन मुलींना घेऊन दक्षिण भारतात कित्येक महिने फिरली आणि तिने रोजनिशी लिहिली. मी मात्र सगळं एका प्रसिद्ध पुरुषाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते.

तंबूची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. पांढऱ्या जमिनीवर फुलदाण्या आणि फुलं, मुघल धाटणीचं काम. अभ्यासक हे कापड साधारण १७२५ ते १७५० मधलं मानतात. टिपूचा जन्म १७५१ च्या आसपासचा! म्हणजे तंबू टिपूपेक्षा जुना आहे. मग तो आधी कोणाचा होता? आपण वस्तूला जे नाव देतो, ते बहुतेक वेळा ती ज्या क्षणी हातची गेली त्या क्षणाचं असतं. पुढे पोविसमध्ये हाच तंबू बागेतल्या मेजवान्यांसाठी उभारला जायचा, तोही तिच्या आयुष्याचाच भाग.

आता एक गोष्ट आपल्याकडची. हे सगळं बघताना ‘इंग्रजांनी लुटलं’ एवढं म्हणून थांबायचा मोह होतो. पण १७९२ मध्ये टिपूविरुद्ध कॉर्नवॉलिसच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. त्या तहात टिपूचं जवळपास अर्धं राज्य गेलं आणि त्यातला वाटा पेशव्यांना मिळाला. मराठी वाचक म्हणून आपण या दालनात फक्त प्रेक्षक नाही. लूट ही लूटच, पण ‘आपण’ आणि ‘ते’ ही रेघ १७९२ मध्ये आज वाटते तिथे नव्हती. हे लिहिणं मला जड गेलं. तरी प्रबंधात ते आलंच पाहिजे.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी यातून एक साधा सराव सुचवते. कोणत्याही संग्रहालयात जा, आपल्या तालुक्याच्या गावातलंही चालेल. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात वस्तू. दुसऱ्यात ती इथे कशी आली हे सांगणारं क्रियापद: ‘मिळाली’, ‘भेट दिली’, ‘विकत घेतली’, ‘जिंकली’, ‘सापडली’. तिसऱ्यात त्या क्रियापदाचा पुरावा: पावती, पत्र, यादी, मृत्युपत्र. तिसरा रकाना बहुधा रिकामा राहील. घाबरू नका. तुमचा संशोधनप्रश्न तिथेच दडलेला असतो. आणि प्रत्येक नावापुढे जन्म-मृत्यूचे सन लिहा. मी ते लिहिले असते तर मार्गदर्शकांची पेन्सिल वाचली असती.

संध्याकाळच्या गाडीत मी ते वाक्य खोडलं. त्या जागी आता दीड पान आहे आणि त्यातून एक नवं प्रकरण निघालं आहे. दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडल्यावर मी वेगळीच बाडं मागवली, एडवर्ड आणि हेन्रिएटाची.