जुना पॉप-अप कॅम्पर पिकअपवर बसवायचाय? आधी हे चार हिशोब करा

अंकुशनगरला (ता. अंबड, जि. जालना) माझ्या काकांची जुनी पिकअप आहे. मोसंबीचं भाडं हीच त्यांची कमाई. हंगाम नसताना गाडी उभीच असते, म्हणून मी पुण्याहून एक जुना पॉप-अप कॅम्पर आणला.

पॉप-अप कॅम्पर म्हणजे हौद्यावर बसणारी झोपायची छोटी खोली. प्रवासात छत खाली, मुक्कामाला वर, मधल्या भिंती कापडाच्या. छत खाली असलं की गाडीला वारा कमी लागतो.

१. वजन
आरसीवर गाडीचं एकूण आणि रिकामं वजन असतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर बघा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमची मर्यादा. त्यात कॅम्पर, माणसं, सामान, पाणी सगळं आलं. ५० लिटर पाणी म्हणजेच ५० किलो! कॅम्पर आधी वजनकाट्यावर तोलून घ्या.

२. सांगाडा
रंग शेवटी. आधी तळाचं प्लायवूड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर ते कुजलंय. आमचं दोन कोपऱ्यांत कुजलं होतं. ते बदललं, रबर बीडिंग आणि कापड नवीन घातलं, मग पाइपने पाणी मारून गळती तपासली.

३. वीज
इथे माझी चूक झाली. अंगणात कॅम्पर चढवून पंखा आणि लाइट थेट गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालवले. सकाळी गाडी सुरूच होईना आणि काकांचं त्या दिवसाचं भाडं गेलं. गाडीची बॅटरी काही सेकंद जोरात करंट द्यायला बनलेली असते, रात्रभर चालायला नाही.

म्हणून कॅम्परला वेगळी बॅटरी लावा. हिशोब सोपा आहे:

- पंखा: २५ वॉट × ८ तास = २००
- लाइट: १० वॉट × ५ तास = ५०
- मोबाइल, लॅपटॉप: साधारण १००

एकूण ३५० वॉट-तास. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० देते, म्हणजे पुरते. चालत्या गाडीतून ती चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर लागतो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ, वायरला झेपेल एवढ्याच अँपिअरचा फ्यूज हवाच. नाहीतर शॉर्ट झाल्यावर वायरच पेटते.

४. कागद
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते. परवानगीशिवाय बदल केला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. काढता येणारा कॅम्पर असला तरी आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणि गाडी चालू असताना मागे कुणीही बसायचं नाही.

आमचा अर्ज आरटीओत दिलाय. तोपर्यंत कॅम्पर अंगणात लाकडी ठोकळ्यांवर आहे आणि गाडी मोसंबी भरायला मोकळी. काकांचं म्हणणं एकच: "तुझी हौस ठीक आहे रे, पण सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे."